वाळलेला ठसा पावसाळ्यात पुन्हा ओला का होतो? पोस्टकार्डावरच्या शाईची दुखणी आणि त्यांवरचे उपाय

वर्षातून दोनदा मी घरी पोस्टकार्डं करते. एकदा सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तिच्या आधी, संक्रांतीसाठी. दुसऱ्यांदा आषाढीसाठी, माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरली की माझी कार्डं पोस्टात पडायला हवीत, असा माझा हिशेब असतो. संक्रांतीच्या कार्डांवर यात्रेच्या मिरवणुकीतले मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आणि तिळगुळाची वाटी, आषाढीच्या कार्डांवर तुळस, टाळ आणि पताका. ठसे मी स्वतः लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, आणि मोठ्या खोडरबरावर कोरते. कृती दोन्ही वेळी तीच, हात तोच, टेबल तेच.

तरी सलग चार वर्षं असं झालं की संक्रांतीची कार्डं जशीच्या तशी पोचली आणि आषाढीची बिघडली. घरातून निघताना ठसा खणखणीत काळा-जांभळा दिसायचा, बोट फिरवलं तर बोटाला काही लागायचं नाही. आणि आठवड्याने रत्नागिरीहून मावशीचा फोन, "अगं, तुळस ओळखू येत नाही, नुसता जांभळा डाग आलाय." घरात गठ्ठ्यात ठेवलेल्या कार्डांचंही तेच. वरच्या कार्डाच्या पाठीवर खालच्या कार्डाची तुळस उलटी उमटलेली, तीही नेमकी पत्ता लिहायच्या जागेवर.

पहिल्या वर्षी वाटलं शाई जुनी असेल. नवं पॅड आणलं. दुसऱ्या वर्षी कागद बदलला. तिसऱ्या वर्षी प्रत्येक कार्ड हेअर ड्रायरखाली धरलं, दोन दिवस दोरीवर टांगलं. काही उपयोग झाला नाही. ज्यांना हाच त्रास होतो त्यांनी या तीन गोष्टींवर पैसे घालवण्याआधी पुढचं वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखणं ओळखा

शाई बिघडली असं आपण सरसकट म्हणतो, पण मराठीत या बिघाडांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ते अगदी नेमके आहेत. शाई *फुटते*, शाई *पसरते* आणि शाई *लागते*. तिन्हींची कारणं निराळी, त्यामुळे उपायही निराळे.

फुटते, म्हणजे ठसा मारल्या मारल्याच रेघेला केसांसारखे फाटे येतात. पाणी लागायच्या आधीच. हा दोष कागदाचा. कागद बनवताना त्यात स्टार्च, जिलेटिन किंवा तशाच एखाद्या पदार्थाची खळ घालतात, ती शाईला तंतूंमधून धावण्यापासून अडवते. खळ कमी पडली की कागद टिपकागदासारखा वागतो. हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याच्या प्रत्येक तावात खळ सारखी असेलच असं नाही. तपासणी सोपी आहे: कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि मिनिटभराने हळूहळू मुरला तर कागद ठीक. ठेवताक्षणी गडप झाला तर त्या कागदावर पातळ शाईचा ठसा मारू नका. घट्ट शाई वापरा, किंवा कागदावर पातळ स्टार्चचा एक हात फिरवून वाळवून घ्या. आपण सुती साडीला घालतो तीच खळ, फक्त आणखी पातळ.

पसरते, म्हणजे ठसा छान उमटतो, पण वरून ओला ब्रश फिरवला की रेघ विरघळून रंगात मिसळते. हा शाईच्या जातीचा प्रश्न आहे. लागते, म्हणजे ठसा कोरडा वाटतो, पण दाबाखाली किंवा दमट हवेत दुसऱ्या कागदावर आपली खूण सोडतो. माझी आषाढीची कार्डं या तिसऱ्या दुखण्याने आजारी होती आणि मी इलाज पहिल्या दोहोंवर करत होते. चार वर्षं त्यातच गेली.

उलगडा अल्बममुळे झाला

दर वर्षीचं एक एक कार्ड मी अल्बममध्ये ठेवते. गेल्या वर्षी आषाढात सहज तो अल्बम उघडला, तर संक्रांतीचं कार्ड समोरच्या पानाला हलकंसं चिकटलेलं. सोडवून पाहिलं तर त्या पानावर नंदीध्वजांची उलटी रांग उमटलेली. हे कार्ड जानेवारीत केलेलं, सहा महिने वाळलेलं आणि ज्यांना मी बिनचूक समजत होते त्याच खेपेतलं.

म्हणजे संक्रांतीची कार्डंही पक्की झाली नव्हती. त्यांना फक्त कोरडी हवा मिळाली होती.

वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं, हे तेव्हा मला नीट कळलं. शाईतलं पाणी उडून गेलं की ती बोटाला वाळलेली लागते. सोलापुरात जानेवारीत हवा कोरडी, एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशीच्या वर. इथे पाणी उडायला वेळच लागत नाही. पण शाईत पाण्याशिवाय आणखी काही असेल, जे उडतच नाही, तर ते कागदावर तसंच बसून राहतं. आणि माझ्या शाईत ते होतं. मीच घातलं होतं.

उन्हाळ्यात इथे स्टॅम्प पॅडची काय गत होते ते सोलापूरकरांना सांगायला नको. झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं की वर कोरडी साय धरते. त्यावर एक घरगुती उपाय सगळीकडे सांगितला जातो: पॅडवर ग्लिसरिनचे चार-पाच थेंब टाका आणि काडीने पसरवा. मी दर एप्रिलमध्ये ते करत होते. नवं पॅड आणलं त्याही वर्षी केलं. पॅड मऊ राहायचं आणि मला समाधान वाटायचं.

ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून धरतं. थंडीत टाचा फुटल्या, ओठ उलले की आपण ग्लिसरीन लावतो ते याच गुणासाठी. ते कागदावर उतरलं की तिथेही तेच काम करतं. हवा कोरडी असेपर्यंत त्याला ओढायला काही नसतं, म्हणून ठसा शहाण्यासारखा बसून असतो. आषाढात हवेत दमटपणा आला की ग्लिसरीन पाणी ओढतं, शाईचा रंग त्या पाण्यात पुन्हा विरघळतो आणि ठसा जागच्या जागी ओला होतो. सोलापुरात पाऊस नसला तरी आभाळ भरून आलेलं असतं, तेवढा दमटपणा त्याला पुरतो. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. मावशीच्या तुळशीचा डाग का झाला ते आता स्पष्ट आहे.

इथे एक गोष्ट जोडायला हवी. कचेरीत शिक्के मारायला जे जांभळं पॅड वापरतात त्याच्या शाईत मुळातच ग्लिसरीन किंवा त्याच्या जातीचं ग्लायकॉल घातलेलं असतं, नाहीतर ते पॅड टेबलावर उघडं राहूच शकलं नसतं. रंगही पाण्यात विरघळणाराच असतो. कचेरीच्या कागदाला ते चालतं, कारण तो कागद सच्छिद्र असतो, शाई आत मुरते आणि वर फार काही उरत नाही. त्या पॅडमध्ये खोट नाही. ते ज्या कामासाठी बनवलं आहे ते काम आपलं नाही, इतकंच. त्यात आपण वरून आणखी ग्लिसरीन घातलं की प्रमाण पार बिघडतं.

न्हाणीघरातली चाचणी

माझा तर्क खरा आहे की नाही हे बघायला पुढच्या आषाढाची वाट पाहावी लागली नाही. ही चाचणी कुठल्याही ऋतूत करता येते आणि एका रात्रीत उत्तर मिळतं.

एकाच कागदाचे दोन तुकडे घ्या. एकावर तुमच्या नेहमीच्या पॅडचा ठसा मारा, दुसऱ्यावर ज्यात काहीही मिसळलेलं नाही अशा शाईचा. दोन्ही दिवसभर उघड्यावर वाळू द्या. संध्याकाळी घरातल्या कोणीतरी गरम पाण्याने अंघोळ केली की लगेच दोन्ही तुकडे न्हाणीघरात फळीवर ठेवा, प्रत्येकावर कोरा पांढरा कागद घाला, वर जाडजूड पुस्तक ठेवा आणि दार लावून घ्या. सकाळी कागद उचलून बघा. माझ्या ग्लिसरीनवाल्या ठशाने अख्खी पताका काठीसकट वरच्या कागदावर दिली. बिनमिसळीच्या शाईने एक पुसटसा ठिपका दिला, तोही जिथे मी ठसा जरा जास्त भरला होता तिथे.

आता कुठलीही नवी शाई आणली की आधी तिची ही रात्र होते, मग ती कार्डाला लागते.

पण ग्लिसरीन बंद करूनही काही कार्डं बिघडली

गेल्या आषाढीला मी पॅड बदललं, ग्लिसरिनची बाटली न्हाणीघराच्या कपाटात परत ठेवली आणि कार्डं केली. अर्ध्याहून जास्त उत्तम निघाली. उरलेली अजूनही लागत होती, आणि लागणारी सगळी कार्डं एकाच प्रकारची होती.

मी कार्डाची पार्श्वभूमी दोन प्रकारे करते. एक साधी: जाड कागदावर जलरंगाचा हलका हात. दुसरी थरांची, आणि ती मला जास्त आवडते. कागदावर जुन्या लग्नपत्रिकांचे आणि वर्तमानपत्राचे तुकडे पातळ फेव्हिकॉलने चिकटवायचे, त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकचा झिरझिरीत थर द्यायचा म्हणजे अक्षरं अर्धवट दिसतात. त्या थरावर जॅकार्ड मागाचा भोकांचा पुठ्ठा ठेवून स्पंजने रंग टिपायचा. चादरीवर मोर कुठे उमटायचा हे मागाला ज्या पुठ्ठ्यांवरच्या भोकांतून कळतं तेच हे पुठ्ठे. मला भंगारात मिळाले. त्या ठिपक्यांच्या रांगा पाहिल्या की पूर्व भागातल्या यंत्रमागांची खटखट कानात येते. माझ्या कार्डावर सोलापूर दिसावं असं मला मनापासून वाटतं आणि ते या ठिपक्यांमधून जसं दिसतं तसं नुसत्या चित्रातून दिसत नाही.

अडचण नेमकी तिथेच आहे. अॅक्रिलिक वाळलं की ते प्लास्टिकच होतं. फेव्हिकॉलचा वाळलेला थरही जवळपास तसाच. अशा पृष्ठभागात शाई मुरू शकत नाही. साध्या कागदावर पाणी काही वर उडतं आणि बाकीचं आत शिरतं. इथे आतला रस्ता बंद असतो. मग शाईतलं जे काही न उडणारं आहे ते सगळं वरच थांबतं. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई अशा थरावर थेंबाथेंबाने गोळा होते आणि कधीच नीट बसत नाही. रंगद्रव्याची, म्हणजे ज्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात ती पिगमेंट शाईसुद्धा अशा थरावर दिवसचे दिवस ओली राहते.

मी यावर तीन उपाय करून पाहिले.

पहिला, थराचं तोंड उघडणं. अॅक्रिलिकच्या पांढऱ्या रंगाऐवजी जेसो, म्हणजे रंगकामाआधी देतात तो पांढरा अस्तराचा लेप, वापरला तर त्यात खडूसारखी भुकटी असल्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि शोषक राहतो. जेसो मिळाला नाही तर पांढऱ्या अॅक्रिलिकमध्ये थोडी चुन्याच्या खडूची बारीक पूड खलून घाला, आणि वाळल्यावर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरचा अगदी हलका हात फिरवा. फरक लगेच दिसतो.

दुसरा, स्पिरिटसारख्या उडणाऱ्या द्रावकावरची शाई. प्लास्टिक, काच, धातूवर शिक्के मारायला जी मिळते ती. ती थरावरही काही मिनिटांत पक्की होते. पण तिचा वास उग्र असतो, खिडकी उघडी लागते आणि पारदर्शक पॉलिमरचे ठसे ती हळूहळू खराब करते. लाल रबराला आणि लिनोला ती चालते. खोडरबरावर कोरलेल्या ठशावर ती वापरू नका. खोडरबर मऊ पडून कडा बोथट होतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात भावला, आणि तो आपल्या गावात सहज होतो. छापखान्याची शाई. लग्नपत्रिका छापणारे लहान छापखाने इथे अजून आहेत. एका ओळखीच्या छापखान्यातून मी डबीच्या झाकणात मावेल एवढी काळी शाई मागून आणली. ती तेलावरची असते आणि तिचं वाळणं निराळं आहे. जवसाचं तेल जसं हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, तशी ही शाई पाणी उडून नाही तर हवेशी संयोग होऊन कडक होते. एकदा कडक झाली की तिच्यावर जलरंग खुशाल फिरवा, रेघ हलत नाही. उलट तेलामुळे रंग रेघेपासून अंग चोरतो आणि सुरेख पांढरी कड राहते. साध्या कागदावर तिला दोन-तीन दिवस लागतात, थरांच्या कार्डावर आठवडा धरा. आषाढीसाठी करायची असतील तर ज्येष्ठातच ठसे मारून झाले पाहिजेत.

ही शाई पॅडवर चालत नाही. काचेच्या तुकड्यावर वाटाण्याएवढी घ्या, लहान रबरी रोलरने पातळ लाटा. रोलर फिरताना चर्र असा बारीक आवाज आला की थर बरोबर झाला. पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे. मग रोलर ठशावरून फिरवा. काम झाल्यावर ठसा खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा आणि मग साबणाने धुवा.

छापखान्यातल्या कारागिराने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहून ठेवते. छपाई झाल्यावर तावांचा गठ्ठा लागतो तेव्हा ओली शाई वरच्या तावाला लागू नये म्हणून ते तावांवर स्टार्चची बारीक पावडर उडवतात. ते कण दोन तावांमध्ये खुंट्यांसारखे उभे राहतात आणि तावांना भिडू देत नाहीत. घरी कॉर्नफ्लॉवर मलमलच्या पुरचुंडीत बांधून कार्डावर एकदा झटकलं तरी तेच काम होतं. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने झाडून टाकायचं.

रेघेत रंग भरायचा असेल तर

काही जणांना आधी ठसा मारून मग आत रंग भरायचे असतात, लहान मुलांच्या रंगवहीसारखे. तिथे लागण्याआधी पसरण्याचा प्रश्न येतो. तुमची शाई कुठल्या जातीची आहे हे डबीवरच्या नावावरून ठरवू नका. माझी रीत अशी आहे.

जाड कागदाच्या ५६ गुणिले ७६ सेंटिमीटरच्या पूर्ण तावातून १४ गुणिले ९ ची, म्हणजे सरकारी पोस्टकार्डाच्या मापाची, बरोबर ३२ कार्डं निघतात आणि ४ सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी उरते. ती पट्टी मी कधीच टाकत नाही. कागद तोच, खळ तीच, त्यामुळे तिच्यावर जे होईल तेच कार्डावर होणार. पट्टीवर एक ठसा रात्री मारायचा, एक दुसऱ्या दिवशी सकाळी, एक दुपारी आणि एक रंग भरायच्या दहा मिनिटं आधी. मग एकच ओला ब्रश चौघांवरून सरळ ओढायचा.

चारही सारखेच विरघळले तर ती शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे आणि तिला कितीही वाळवून फायदा नाही. तिचा ठसा सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण कोरडे झाल्यावर मारा. फक्त ताजेच पसरले आणि रात्रीचा टिकला तर शाई चांगली आहे, तिला वेळ द्या. चारही टिकले तर ती शाई जपून ठेवा. एकही विरघळला नाही पण पापुद्र्यासारखा सुटून आला, तर खालच्या थरात शाई मुरत नाही आहे, वर लिहिलेलं जेसोचं प्रकरण परत वाचा.

बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही उपयोगी पडते. काजळीच्या कणांना शेलॅकने, म्हणजे लाखेच्या राळेने बांधलेलं असतं, त्यामुळे ती वाळली की पाण्याला दाद देत नाही. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ती कागदावर जाण्याआधी ठशावरच वाळते. ब्रशने ठशाला लावली की लगेच मारायची आणि दर दोन ठशांनंतर ठसा धुवायचा. राहून गेलीच तर पाण्याने निघत नाही, स्पिरिट लागतं.

मे महिन्यातलं निराळंच दुखणं

ग्लिसरीन घालायचं नाही तर मग उन्हाळ्यात पॅड कोरडं पडतं त्याचं काय, हा प्रश्न येणारच. मी आता हे करते. ठसे पहाटे सहा ते आठ या वेळात मारते. पंखा बंद. हे अवघड आहे, मला माहीत आहे, पण पंख्याखाली मारलेला ठसा मधोमध पांढरा राहतो, कारण पॅडवरून कागदावर जाईपर्यंत रबरावरची शाई सुकलेली असते. पाण्यावरची शाई असेल तर ठसा मारण्याआधी त्यावर तोंडाने एकदा गरम वाफ सोडायची, चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतो तशी. शाई जागी होते आणि ठसा पूर्ण येतो. आणि पॅड बंद करून उलटं ठेवायचं, म्हणजे शाई वरच्या तोंडाकडे उतरते. सुकलंच तर त्याच जातीची शाई घालायची, दुसरं काही नाही.

ठसा अर्धवट येण्याचं अजून एक कारण खालची गादी असतं. मी सुरुवातीला टॉवेलाची घडी ठेवत असे, घरात टॉवेलांना तोटा नाही. ती फार मऊ होते. ठसा कागदात बुडतो आणि भोवतीच्या न कोरलेल्या कडाही उमटतात. जुन्या झिजलेल्या चादरीची एकच घडी, त्यावर चार-पाच वर्तमानपत्रं, एवढं पुरतं.

अॅक्रिलिकच्या कार्डांसाठी मे महिना दुसऱ्या कारणाने वाईट. हा रंग उष्णतेने मऊ पडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत गठ्ठा राहिला की कार्डं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना थर उपटून येतो. समोरासमोर दोन रंगीत बाजू कधीही ठेवू नका. मध्ये बेकरीवाले ट्रेमध्ये घालतात तो न चिकटणारा कागद घाला. याच कारणाने अॅक्रिलिकच्या थरावर इस्त्री फिरवू नका. साध्या कागदावरचा पिगमेंट शाईचा ठसा पक्का करायला मात्र वर कोरा कागद ठेवून मंद, बिनवाफेची इस्त्री चांगली काम करते.

हेअर ड्रायरबद्दल माझं मत चांगलं नाही. ओल्या शाईवर जवळून धरला तर तिला ढकलतो, लांबून धरला तर वरची कातडी वाळवतो आणि आतलं तसंच ठेवतो. मला ‘वाळलं’ अशी खोटी ग्वाही त्यानेच सर्वांत जास्त वेळा दिली.

पत्त्याची बाजू

पुढची बाजू कितीही सुंदर असली तरी पत्ता वाहून गेला तर कार्ड पोचत नाही. पत्ता लिहायला जेल पेन किंवा साधी फाउंटन पेनची शाई नको. बॉलपेन सगळ्यात भरवशाचं. पिनकोड ठळक आणि सुटासुटा लिहा. पावसात अर्धा पत्ता गेला तरी ते सहा आकडे वाचता आले तर पत्र निदान योग्य गावात पोचतं. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे मला दर वेळी सोलापूरचा ४१३००१ लिहिताना आठवतं.

जुनी, वापरलेली टपाल तिकिटं कोलाजमध्ये लावायची असतील तर चित्राच्या बाजूलाच लावा, पत्त्याच्या बाजूला नको, तिथे घोटाळा होतो. तिकीट पाण्यात भिजवून सोडवताना काही जुन्या तिकिटांचा लाल-जांभळा रंग उतरतो. प्रत्येक तिकीट वेगळ्या बशीत भिजवा. माझ्याकडे १९९३ साली निघालेलं डॉ. कोटणीसांचं तिकीट आहे. आपल्या सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनमध्ये जखमींची सेवा करता करता गेला. ते तिकीट मी कोलाजमध्ये लावलं नाही, लावणारही नाही. त्याच्यावरून खोडरबरावर एक लहान ठसा कोरला आहे, तो लावते.

थरांची कार्डं मी उघडी पाठवत नाही. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचं १४ गुणिले ९ चं कोरं कार्ड चार ग्रॅमच्या आतच भरतं आणि कोलाज, रंग धरूनही फार जड होत नाही, त्यामुळे लिफाफ्यात घालून साधं पत्र म्हणून सहज जातं. लिफाफ्यात कार्डाच्या चित्राला न चिकटणाऱ्या कागदाचा तुकडा लावायला विसरू नका.

आत्ताच बिघडलेली कार्डं हाताशी असतील तर

ती फेकू नका. एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका. गठ्ठा पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, थर कडक होतो आणि कार्डं बऱ्याचदा अलगद सुटतात. मग प्रत्येक कार्डावर टिपकागद ठेवून तळहाताने दाबा. चोळायचं अजिबात नाही. टिपकागदावर उमटणारी खूण फिकी होत जाईपर्यंत दर वेळी नवा तुकडा घ्या. वर जमलेलं ग्लिसरीन आणि जादा शाई बऱ्यापैकी निघून येते. नंतर कॉर्नफ्लॉवरची पुरचुंडी झटका आणि रात्रभर राहू द्या. रेघ फिकी झाली असेल तर त्याच ठशावर छापखान्याची शाई लाटून पुन्हा मारा. ठसा जिथल्या तिथे बसावा म्हणून कार्डाचा कोपरा आणि ठशाच्या लाकडाचा कोपरा एकाच पट्टीला टेकवून घ्या. गेल्या आषाढीची अकरा कार्डं मी अशी वाचवली. त्यातलं एक मावशीला परत पाठवलं. श्रावणात तिचा फोन आला, तुळशीच्या मंजिऱ्या मोजता येतात म्हणाली.